एका दरवाजाचा गड

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हा मराठ्यांच्या राजनीतीवरील अमोल ग्रंथ आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या या ग्रंथात दुर्गांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गड कसा बांधावा, पाणी कसे राखावे, झाडे कोणती लावावीत, हे सारे सांगत असताना अमात्य एक मार्मिक गोष्ट सांगून जातात. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, म्हणून गड पाहून दोन-तीन दरवाजे ठेवावेत आणि त्याखेरीज चोरदिंड्याही करून ठेवाव्यात. त्यातील नित्याच्या वापरासाठी लागतील तेवढेच मार्ग उघडे ठेवावेत आणि बाकीचे चिणून टाकावेत. म्हणजे रोज लागत नाही, तरीही असलाच पाहिजे, असा एक मार्ग राज्यकर्त्याने शांततेच्या काळात तयार करून ठेवावा, असे त्यांचे सांगणे आहे.

आजचा विषय मुंबईच्या लोकलचा आहे. लोकल बंद पडली तर भुयारी मेट्रोने, बसने आणि अन्य साधनांनी तात्पुरती सेवा कशी उभी करावी, हा तो विषय. गडकोटांचा आणि लोकलचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. परंतु मुंबई हा गेली पावणेदोनशे वर्षे एका दरवाजाचा गड आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अमात्यांचे ते वाक्य तीनशे वर्षांपूर्वीचे वाटत नाही.

दरवाजा एक आणि माणसे लक्षावधी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. नाना शंकरशेट यांच्यासारख्या दूरदृष्टीच्या पुरुषाने या कामी पुढाकार घेतला होता. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेले, दक्षिणोत्तर पसरलेले हे शहर त्या रुळांच्या अंगाने वाढत गेले. दक्षिणेला कचेऱ्या आणि उत्तरेला घरे, अशी त्याची रचना झाली. सकाळी लोंढा खाली उतरतो आणि सायंकाळी वर चढतो. मध्य, हार्बर आणि पश्चिम या मार्गांवर दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. करोनापूर्व काळात रोजच्या प्रवाशांची संख्या पंचाहत्तर लाखांच्या घरात होती.

या आकड्यांचा अर्थ साध्या हिशेबाने समजून घेतला पाहिजे. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये साडेचार हजार माणसे सहज असतात. बेस्टच्या एका बसमध्ये बसलेली आणि उभी मिळून साठ माणसे धरली, तर एका लोकलला पंचाहत्तर बस लागतात. एका दिशेच्या एकाच मार्गावर दर चार मिनिटांनी एक गाडी येते असे मानले, तर तासाला पंधरा गाड्या, म्हणजे ६७,५०० माणसे. त्यांच्यासाठी तासाला १,१२५ बसफेऱ्या हव्यात. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या. अलीकडच्या वर्षांत ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली आहे. तेव्हा ‘लोकल बंद, जादा बस सोडल्या’ ही बातमी वाचून ज्यांचे समाधान होते, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. जादा बस सोडणे हे कर्तव्य खरेच, पण ते उत्तर नव्हे.

तीन दिवस, तीन धडे

गेल्या वीस वर्षांतील तीन दिवस या दृष्टीने आठवण्यासारखे आहेत.

पहिला २६ जुलै २००५. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात त्याच दिवशी जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला होता. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांमध्ये बसलेल्या माणसांना उपनगरात काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती. ती नेहमीप्रमाणे घरी जायला निघाली आणि वाटेत अडकली. लोकल ठप्प झाल्या, रस्ते बुडाले आणि लक्षावधी माणसे रात्रभर पाण्यातून चालत राहिली. त्या रात्री मुंबईकरांनी एकमेकांना हात दिला. वस्त्यावस्त्यांतून लोकांनी दारे उघडली. कोणी चहा दिला, कोणी बिस्किटे वाटली, कोणी कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभे राहिले. समाजाची ही सज्जनशक्ती वंदनीयच आहे. पण त्या दिवसाचा धडा वेगळा आहे. माहिती मिळाली असती, तर त्यांतील कितीतरी माणसे निघालीच नसती. नियोजनाचे पहिले साधन माहिती हे आहे. वाहनाचा विचार त्यानंतर येतो.

दुसरा दिवस १९ ऑगस्ट २०२५. मुसळधार पावसाने हार्बर मार्ग बंद पडला. साहजिकच प्रवासी जवळच्या मोनोरेलकडे वळले. मोनोरेलच्या गाडीची क्षमता १०४ टनांची; त्या सायंकाळी तिच्यावरील भार १०९ टनांपर्यंत गेला. म्हैसूर कॉलनीजवळ गाडी उंचावर अडकली, वीज तुटली, आतील हवा कोंडली. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून शेकडो प्रवाशांना खाली उतरवले. प्राणहानी टळली, हे त्या जवानांचे श्रेय. पण घडले काय ते नीट पाहावे. मुख्य मार्ग बंद पडला, लोकांनी आपणहून पर्याय शोधला आणि पर्यायावर नियंत्रण नसल्यामुळे तोच संकट झाला. पर्यायी मार्ग नुसता असून भागत नाही. तेथे किती माणसे सोडायची, हे दारावर उभे राहून ठरवणारा कोणीतरी असावा लागतो. चोरदिंडी असावी, आणि तिच्यावर चौकीही असावी.

तिसरा दिवस ६ नोव्हेंबर २०२५. कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे सायंकाळच्या ऐन गर्दीत मध्य रेल्वेची सेवा सुमारे तासभर खोळंबली. पाऊस नव्हता, पूर नव्हता, स्फोट नव्हता. गाड्या उभ्या राहिल्या, म्हणून काही प्रवासी रुळांवर उतरून चालू लागले. सँडहर्स्ट रोडजवळ मागून आलेल्या लोकलने त्यांना उडवले आणि दोघांचा मृत्यू झाला. आंदोलन योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. एका तासाच्या खोळंब्यात दोन घरांतील दिवे विझले, ही वस्तुस्थिती आहे. गाडी कधी सुटेल, उतरावे की थांबावे, उतरल्यास कोठे जावे, हे डब्यातल्या माणसाला विश्वासार्हपणे कोणी सांगितले असते, तर कदाचित ती पावले रुळांवर पडली नसती. पर्यायी सेवेचे नियोजन हा सोयी-गैरसोयीचा मामला नाही, तो जिवाचा प्रश्न आहे, हे यावरून कळावे.

टोकियोचा करार

जगातील इतर महानगरांनी यावर काय विचार केला आहे? जपानचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे, कारण टोकियोची गर्दी मुंबईकरांना समजू शकेल अशी आहे. तेथे लोकल गाड्या, खाजगी कंपन्यांचे लोहमार्ग आणि भुयारी रेल्वे यांचे मालक वेगवेगळे आहेत. धंद्यात ते परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. तरीही त्यांच्यात एक जुनी, रुजलेली व्यवस्था आहे. तिला जपानी भाषेत ‘फुरिकाए युसो’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: वळवलेली वाहतूक. एका कंपनीचा मार्ग बंद पडला की त्या मार्गाचा पास किंवा तिकीट जवळ असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीच्या ठरवून दिलेल्या मार्गाने जादा पैसे न देता जाता येते. हिशेब कंपन्या नंतर आपापसांत करतात. प्रवाशाने खिडकीशी वाद घालायचा नाही, रांगेत उभे राहून नवे तिकीट काढायचे नाही.

या व्यवस्थेचे मर्म असे, की कोणता मार्ग बंद पडला तर लोकांना कोणत्या मार्गावर वळवायचे, हे आधीच ठरलेले असते. मार्ग बंद पडल्यावर बैठक बोलवावी लागत नाही. घोषणा होते, फलक लागतो आणि माणसे चालू लागतात. गाडीला उशीर झाला तर कचेरीत दाखवण्यासाठी रेल्वे विलंबाचा दाखलाही देते. तो दाखला हाती असला म्हणजे नोकरदार जिवावर उदार होऊन दरवाजाला लोंबकळत नाही. कागदाच्या एका चिठोऱ्याने गर्दीची धार बोथट होते.

पण जपानलाही सारे एका दिवसात साधलेले नाही. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या दिवशी टोकियो परिसरातील लोकल गाड्या दिवसभरासाठी थांबवण्यात आल्या. भुयारी रेल्वेचे काही मार्ग तपासणी करून रात्री सुरू झाले आणि माणसांचा महापूर तिकडे लोटला. त्या रात्री महानगर परिसरात सुमारे ५१ लाख माणसे घरी पोहोचू शकली नाहीत, असा तेथील सरकारचा अंदाज आहे. जपानी प्रशासनाने यातून जो धडा घेतला तो विचार करायला लावणारा आहे. अधिक गाड्या सोडू, असे ते म्हणाले नाहीत. मोठ्या आपत्तीत माणसांनी लगेच घरी निघू नये, असे त्यांनी ठरवले. एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या टोकियोच्या नियमानुसार कचेऱ्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना आतच थांबवून घ्यावे आणि त्यांच्यासाठी तीन दिवस पुरेल इतके पाणी व अन्न साठवून ठेवावे, अशी अपेक्षा आहे. रस्ते रुग्णवाहिकांसाठी मोकळे राहावेत, हा त्यामागील हेतू. कधी कधी उत्तम वाहतूक नियोजन म्हणजे अनावश्यक वाहतूक होऊ न देणे, हे शहाणपण त्यात आहे.

न्यूयॉर्कचा अनुभव वेगळ्या जातीचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्राखालचे, न्यू जर्सीहून येणाऱ्या ‘पाथ’ रेल्वेचे स्थानक उद्ध्वस्त झाले. प्रवाशांना नदीवरच्या फेरी बोटींनी आणि अन्य मार्गांनी वळवण्यात आले. नवे भव्य स्थानक उभे राहायला कित्येक वर्षे लागणार होती. म्हणून त्यांनी आधी एक साधे, तात्पुरते स्थानक बांधले आणि २३ नोव्हेंबर २००३ रोजी ते लोकांसाठी खुले केले. त्याच जागी, त्याच खड्ड्यात. तात्पुरते म्हणजे कसेबसे, असा अर्थ त्यांनी केला नाही. तात्पुरत्या व्यवस्थेचाही आराखडा असतो, तिलाही अंदाजपत्रक आणि जबाबदार अधिकारी लागतो, हे त्यातून दिसले.

मुंबईला मिळालेली दुसरी वाट

आता मुंबईकडे वळू. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली. पुढे उपनगरांतील उन्नत मार्ग आले. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची, सत्तावीस स्थानकांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने पूर्ण खुली झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि दादर ही लोकलची नामांकित ठिकाणे आता जमिनीखालूनही जोडली गेली आहेत. गडाला दुसरा दरवाजा मिळाला आहे. तो संकटकाळी उघडण्याची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

येथेही हिशेबच मार्ग दाखवतो. आठ डब्यांच्या भुयारी मेट्रोत सुमारे अडीच हजार माणसे मावतात. दर पाच मिनिटांनी गाडी धरली तर तासाला तीस हजार. त्यातील एक तृतीयांश जागा मेट्रोच्या नेहमीच्या प्रवाशांनी व्यापलेली असेल. उरली वीस हजार. लोकलच्या एका मार्गावरची माणसे तासाला ६७,५००. म्हणजे दहांतील तिघांनाच मेट्रो सामावून घेऊ शकते. उरलेल्या सातांचे काय, याचे उत्तर ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा नव्हे, नुसती सदिच्छा आहे.

मार्गानुसार परिस्थिती भिन्न आहे. दादर ते चर्चगेट या पट्ट्यात पश्चिम रेल्वे बंद पडली, तर भुयारी मेट्रो जवळजवळ समांतर आहे. तेथे दादरला लोकल थांबवून प्रवाशांना खाली मेट्रोकडे नेता येते. मध्य रेल्वेची गोष्ट अवघड आहे. कुर्ल्याच्या पुढे रुळांवर पाणी आले आणि गाड्या घाटकोपर-कुर्ल्यापर्यंतच येऊ लागल्या, तर नकाशावर एक वाट दिसते: घाटकोपरहून पहिल्या मेट्रोने मरोळ नाका आणि तेथून भुयारी मेट्रोने दक्षिणेकडे. पण पहिल्या मेट्रोच्या गाड्या चार डब्यांच्या आहेत आणि गर्दीच्या वेळी आधीच भरलेल्या असतात. साऱ्या मध्य रेल्वेचा लोंढा घाटकोपरच्या पुलावर सोडणे म्हणजे नव्या चेंगराचेंगरीला आमंत्रण देणे होय.

म्हणून बसचा उपयोग कोठे करायचा, याचा विचार बदलला पाहिजे. शंभर बस कुर्ल्याहून थेट बोरीबंदरला पाठवल्या, तर वाहतूक कोंडीत जाऊन-येऊन अडीच तास सहज मोडतात. तासाला फेऱ्या पडतात चाळीस आणि माणसे पोहोचतात २,४००. त्याच शंभर बस कुर्ला ते वांद्रे-कुर्ला संकुलातील मेट्रो स्थानक एवढ्याच टप्प्यात फिरवल्या, त्यासाठी रस्त्याची एक बाजू पोलिसांनी राखून ठेवली आणि चढण्या-उतरण्यासह अर्ध्या तासात एक चक्कर होऊ शकली, तर तासाला दोनशे फेऱ्या होतात आणि १२,००० माणसे मेट्रोपर्यंत पोहोचतात. बस त्याच, चालक तेच, इंधनही तेवढेच. फळ पाचपट. तुटलेल्या लोकलची जागा बसने घ्यायची नाही. तुटलेली लोकल आणि धावणारी मेट्रो यांच्यामधला सेतू बसने व्हायचे आहे. वानरसेनेने समुद्र डोक्यावरून वाहून नेला नाही, त्यावर सेतू बांधला.

हार्बर मार्गाला भुयारी मेट्रोचा थेट आधार नाही. शिवडी-वडाळ्याच्या प्रवाशाला बसवरच अवलंबून राहावे लागते. नवी मुंबईकडच्या प्रवाशांसाठी जानेवारी २०२४ पासून अटल सेतू उपलब्ध आहे. तेथून जादा बस सोडण्याचे वेळापत्रक आधीच तयार ठेवता येईल.

एक सावधगिरी मात्र विसरता कामा नये. ज्या पावसाने लोकल बंद पडते, त्याच पावसाने पर्यायही बंद पडू शकतो. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून पाणी शिरले आणि तेथील सेवा तात्पुरती थांबवावी लागली. सेवा सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. चोरदिंडी त्याच ओढ्याच्या पात्रात उघडत असेल, तर तिचा उपयोग नाही. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी नालेसफाईच्या पाहणीबरोबर स्थानकांच्या दारांची, उपसा पंपांची आणि कुर्ला परिसरातील बससेतूच्या रस्त्याचीही पाहणी झाली पाहिजे. पुराच्या दिवशी एक आराखडा, संपाच्या दिवशी दुसरा, वीज गेली तर तिसरा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी विजेचे जाळे कोसळले आणि गाड्या जागच्या जागी थबकल्या. तो दिवस पावसाचा नव्हता, हे लक्षात ठेवावे.

आधी कोण?

दहांतील तिघांनाच जागा असेल, तर ते तिघे कोण? हा प्रश्न अप्रिय आहे, म्हणून तो सहसा कोणी विचारत नाही. पण मुंबईने त्याचे उत्तर एकदा दिलेले आहे. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. मग टप्प्याटप्प्याने इतरांना प्रवेश मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना. त्यात तक्रारी होत्या, त्रुटीही होत्या. पण क्रम ठरवता येतो आणि समाज तो पाळतो, हे सिद्ध झाले.

डोंबिवलीत राहणारी एखादी परिचारिका डोळ्यांसमोर आणावी. परळच्या रुग्णालयात तिची रात्रपाळी आहे. तिच्या आधीची परिचारिका दिवसभर उभी आहे आणि ही पोहोचल्याशिवाय तिला घरी जाता येणार नाही. कुर्ल्याच्या फलाटावर त्या परिचारिकेच्या पुढे दोन हजार माणसे उभी आहेत. त्यांतील कित्येकांचे काम उद्यावर ढकलता येण्यासारखे आहे. ‘ताई, तुम्ही पुढे व्हा,’ असे म्हणून वाट करून देणारी माणसे तेथे असतील, तर एका रुग्णकक्षाची रात्र सुरक्षित जाते. रुग्णसेवक, अग्निशमन आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, गर्भवती, वृद्ध, लहान मुलांसह असलेल्या माता, परीक्षेला निघालेले विद्यार्थी हा क्रम शासनाने जाहीर करावा. उरलेल्यांनी थांबावे. थांबणे ही देखील सेवा आहे.

थांबण्यासाठी मात्र जागा आणि आधार हवा. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात मध्य रेल्वेने ठाण्याला ६३ तासांचा आणि बोरीबंदरला ३६ तासांचा महामेगाब्लॉक घेतला. तीन दिवसांत नऊशेहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. रेल्वेने आधीच सूचना दिली होती, कचेऱ्यांना घरून काम करू देण्याची विनंती केली होती, बेस्टने आणि एस.टी.ने जादा बस सोडल्या होत्या. हाल झाले, पण हाहाकार झाला नाही. आधी कळले की माणूस तजवीज करतो, एवढा साधा त्याचा अर्थ. अकस्मात येणाऱ्या संकटासाठीही हीच पूर्वसूचना देता येते. आज कोणता मार्ग बंद पडला तर काय करायचे, हे प्रत्येक स्थानकाच्या फलकावर वर्षभर लिहिलेले असावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ या भ्रमणध्वनी उपयोजनाने अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र आणली. तिकिटे एकत्र आली, आता अडचणीच्या दिवसाचा करारही व्हावा. लोकल बंद असेल त्या दिवशी लोकलचा पास ठरवलेल्या स्थानकांवर मेट्रोत आणि बसमध्ये चालेल, आणि हिशेब संस्था नंतर आपापसांत पाहतील, एवढा तो करार असावा. टोकियोला जे जमते ते मुंबईला न जमण्याचे कारण नाही.

रांग ही शक्ती आहे

हे सारे शासनाने करावे, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. फलाटावर लाऊडस्पीकर असतो, पण त्या गोंगाटात ऐकू काय येते? गर्दीला ओळखीचा, शांत, ठाम माणूस लागतो. प्रत्येक महत्त्वाच्या स्थानकावर परिसरातील वीस-पंचवीस प्रशिक्षित स्वयंसेवक उभे राहू शकले, तर चित्र पालटेल. त्यांना मार्ग पाठ असावेत, जवळच्या मेट्रोची वाट, रुग्णालय, थांबण्याजोगी शाळा वा मंगल कार्यालय ठाऊक असावे. स्टेशन मास्तरांशी आणि पोलीस ठाण्याशी त्यांचा आधीचा परिचय असावा. आपत्तीच्या दिवशी ओळख करून घेण्याची वेळ येऊ नये. त्यांनी अधिकाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, त्यांचे हात व्हायचे. शाखेच्या मैदानावर रोज जी रांग लागते, शिट्टीबरोबर जे शेकडो पाय एकदम थांबतात, त्या संस्काराची खरी परीक्षा संचलनात होत नाही. ती कुर्ल्याच्या पुलावर पावसात, चिडलेल्या गर्दीपुढे हसतमुखाने उभे राहण्यात होते. तेथे समोरच्याचे नाव, गाव, जात, पंथ विचारायचा नसतो. भिजलेला प्रत्येक माणूस आपलाच असतो.

महाराष्ट्राला गर्दी नवी नाही. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकरी दरवर्षी चालतात. माउलींच्या रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि चोपदाराने दंड उंचावला की अफाट समुदाय निःशब्द होतो. त्या समुदायाला कोणी पगार देत नाही, कोणी दंड करत नाही. क्रमावर श्रद्धा आहे, म्हणून तो क्रम टिकतो. तेच मराठी माणूस रेल्वेच्या पुलावर येताच एकमेकांना का रेटू लागतात? तेथे क्रम सांगणारा कोणी नाही आणि क्रम पाळला तर आपली पाळी नक्की येईल असा विश्वास नाही, म्हणून. हा विश्वास निर्माण करणे हेच नियोजनाचे अंतिम उद्दिष्ट आहे.

वाघ दरवाजा

शेवटी पुन्हा अमात्यांकडे. एका दरवाजाचा दोष त्यांनी सांगितला तो पुस्तकी पांडित्यातून नव्हे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानानंतर मोगलांचा वेढा रायगडाला पडला. राजाराम महाराजांना गडाबाहेर काढणे हाच स्वराज्य वाचवण्याचा मार्ग होता. ते रायगडाच्या वाघ दरवाजाने उतरले, असे परंपरा सांगते. रोजच्या वहिवाटीचा नसलेला, कड्यावर उघडणारा तो दरवाजा त्या दिवशी स्वराज्याचा दरवाजा ठरला. महाराज प्रतापगड, पन्हाळा करीत थेट जिंजीला पोहोचले. ती जिंजी बारा वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, शिवछत्रपतींनी दक्षिण दिग्विजयात जिंकून बळकट करून ठेवली होती. पुढे त्याच वर्षी रायगड पडला, पण राज्य पडले नाही. या सबंध काळात महाराष्ट्रातील कारभाराची धुरा ज्यांनी वाहिली, ते रामचंद्रपंत अमात्यच होते. म्हणून गडाला दुसरा दरवाजा असावा, हे त्यांचे वाक्य अनुभवाचे आहे.

जिंजी जिंकली तेव्हा ती लागेल की नाही, हे कोणाला ठाऊक नव्हते. वाघ दरवाजा बांधला तेव्हा तो कधी उघडावा लागेल, हे कोणी सांगू शकत नव्हते. तरीही दोन्ही तयार होते. मुंबईची लोकल उद्या बंद पडेल की परवा, पावसाने पडेल की विजेने, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ती कधीतरी बंद पडणार, एवढे मात्र निश्चित. त्या सायंकाळी कुर्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या परिचारिकेला कोणत्या दिशेने जायचे हे सांगणारा माणूस तेथे असेल की नसेल, हे आज, कोरड्या दिवसांत, ठरायचे आहे. आपापल्या घराजवळचे स्थानक कोणते, तेथून दुसरी वाट कोणती आणि त्या वाटेवर उभे राहायला कोण कोण येईल, याची यादी प्रत्येक वस्तीत येत्या पावसाळ्यापूर्वी तयार व्हावी. दरवाजा बांधून झालेला आहे. चौकीवर माणसे हवी आहेत.